घराच्या देवडीवरील यंत्र

शहरांतील बहुतेक सुशिक्षित कुटुंबांच्या घरीं आज दिवाणखान्याच्या एखाद्या कोपऱ्यांत, कपाटावर किंवा भिंतीला टांगलेली एक लहानशी पेटी आढळते. तिला दोनचार शिंगें असतात, अंगावर हिरवे दिवे लुकलुकत असतात, आणि घरांतील माणसांची तिच्याशीं ओळख एवढीच असते कीं, ती बंद पडली म्हणजे मुलांचा अभ्यास, थोरल्यांची कचेरी आणि आजीची परदेशीं असलेल्या नातवाशीं होणारी भेट हीं सारीं एकदम थांबतात. मग कोणीतरी उठून तिचें बटण बंद करतो, दहापर्यंत आंकडे मोजतो आणि तें पुन्हां चालू करतो. पेटी सुरू झाली कीं तिचा सर्वांस विसर पडतो. ह्या पेटीला राउटर म्हणतात. विजेचा दिवा किंवा पंखा यांच्याच पंक्तीला तिला बसविण्याची चाल आहे. परंतु ती समजूत बरोबर नाहीं. पंख्याला कोणाच्या आज्ञा ऐकाव्या लागत नाहींत. ही पेटी मात्र एक संपूर्ण संगणक असून ती रात्रंदिवस कोणाच्या तरी आज्ञा पाळीत असते. त्या आज्ञा कोणाच्या, आणि घरधन्याला त्या बदलतां येतात कीं नाहीं, हाच प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

प्रथम ह्या यंत्राचें काम काय तें पाहूं जातां जुन्या पुण्यांतील वाड्याची आठवण होते. वाड्याला बाहेरून एकच पत्ता असे. टपालवाला दिंडी दरवाजापर्यंत येई. आंत कोणत्या खणांत कोण बिऱ्हाड राहतें याच्याशीं त्याला कर्तव्य नसे. तें काम देवडीवरच्या माणसाचें. राउटर हा असाच देवडीवाला आहे. इंटरनेटवरील प्रत्येक ठिकाणाला एक आंकडी पत्ता लागतो, आणि जुन्या पद्धतीनें असे एकंदर सुमारें ४२९ कोटींच पत्ते होऊं शकतात. जगांतील सर्व यंत्रांना ते पुरण्यासारखे नाहींत. म्हणून घराला बाहेरचा एक पत्ता मिळतो, आणि घरांतील फोन, संगणक व दूरदर्शनसंच यांना राउटर स्वतःच आंतले क्रमांक वांटून देतो. १९२.१६८ पासून सुरू होणारा जो क्रमांक पुष्कळांनीं पाहिलेला असतो, तो हाच आंतला क्रमांक होय. तो जगांतील असंख्य घरांत तसाच असतो, जसें प्रत्येक वाड्यांत एक माजघर असावयाचें.

घरांतून एखादें पत्र बाहेर निघालें कीं देवडीवाला त्यावरील खोलीचा क्रमांक आपल्या वहींत टिपतो आणि पत्रावर वाड्याचा पत्ता घालून तें रवाना करतो. उत्तर आलें म्हणजे वही पाहून तें नेमक्या खोलींत पोंचवितो. ज्याची वहींत नोंदच नाहीं असें कांहीं दाराशीं आलें तर तें तो आंत घेत नाहीं. घराचें संरक्षण बऱ्याच अंशीं एवढ्यानेंच होतें. शिवाय कोणी एखाद्या ठिकाणाचें नुसतें नांव सांगितलें तर त्याचा आंकडी पत्ता कोणाकडून विचारावयाचा, हेंही बहुधा तोच ठरवितो. अर्थात् घरांतील कोण, केव्हां आणि कोणाशीं बोलतो याची जितकी माहिती ह्या देवडीवाल्याला असते, तितकी घरांतील वडील माणसालाही नसते. असा नोकर कोणाच्या हुकुमांत आहे याची चौकशी न करितां त्याला दाराशीं बसविणें हें शहाणपणाचें नव्हे.

आतां ह्या पेटींतील संगणकाकडे वळूं. कोणत्याही संगणकाला चालविण्यासाठीं एक मूळ आज्ञावली लागते. तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. इ. स. १९९१ मध्यें फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठांतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं हौसेखातर अशा एका प्रणालीचा गाभा लिहावयास घेतला. तोच पुढें लिनक्स ह्या नांवानें प्रसिद्धीस आला. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं तो जी. पी. एल. नांवाच्या परवान्याखालीं सर्वांस खुला केला. हा परवाना अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांच्या खटपटींतून निघालेला असून त्याची मुख्य अट मोठी मार्मिक आहे. एखाद्या हलवायाला कोणीतरी लाडवांची कृति फुकट द्यावी आणि सांगावें कीं, 'ह्या कृतीचे लाडू खुशाल विक, हवा तो नफा घे, कृतींत सुधारणाही कर. मात्र लाडू घेणाऱ्यानें कृति मागितली तर सुधारणांसकट ती त्याला द्यावी लागेल.' लिनक्स वापरणाऱ्या कारखानदारावर हेंच बंधन पडतें. त्यानें यंत्र विकलें तर त्यांतील लिनक्सची मूळ लिखित आज्ञावली गिऱ्हाइकाला मागणीप्रमाणें मिळालीच पाहिजे.

ही अट कित्येक वर्षें बहुतेकांना कागदावरची वाटत असे. तिला घराघरांत अर्थ आला तो एका निळ्याकाळ्या पेटीमुळें. डिसेंबर २००२ मध्यें लिंकसिस ह्या अमेरिकन कंपनीनें डब्ल्यूआरटी ५४ जी ह्या नांवाचा बिनतारी राउटर बाजारांत आणला. त्याच्या प्रोसेसराचा वेग १२५ मेगाहर्ट्झ, काम करतांना वापरावयाची स्मृति १६ मेगाबाइट आणि आज्ञावली कायम सांठविण्याची जागा अवघी ४ मेगाबाइट होती. पुढल्या मार्च महिन्यांत सुप्रसिद्ध सिस्को कंपनीनें सुमारें ५० कोटि डॉलरांना लिंकसिस विकत घेण्याचें जाहीर केलें. थोड्याच दिवसांनीं, जून २००३ मध्यें, कांहीं जाणकारांच्या ध्यानांत आलें कीं, ह्या राउटरांतील आज्ञावली म्हणजे लिनक्सच आहे. परंतु परवान्याप्रमाणें तिचा मूळ मजकूर मात्र गिऱ्हाइकांस दिलेला नाहीं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ह्या संस्थेनें हा प्रश्न हातीं घेतला, आणि त्याच वर्षीं कंपनीनें तो मजकूर प्रसिद्ध केला.

त्या मजकुराच्या पायावर जानेवारी २००४ मध्यें ओपनडब्ल्यूआरटी ह्या उपक्रमाचा जन्म झाला. त्याच्या नांवांतच त्या पेटीचें नांव कायमचें राहून गेलें आहे. जगांत ठिकठिकाणीं राहणाऱ्या, बहुतांशीं एकमेकांस न पाहिलेल्या हौशी कारागिरांनीं त्या ४ मेगाबाइटांच्या जागेंत मावेल अशी स्वतंत्र कार्यप्रणाली रचावयास घेतली. पुढें इतर कंपन्यांच्या शेंकडों राउटरांवर ती चालूं लागली. मतभेद झाले, मे २०१६ मध्यें कांहीं मंडळी वेगळी निघून त्यांनीं दुसरा उपक्रम काढला, आणि जानेवारी २०१८ मध्यें दोन्ही पक्ष पुन्हां एक झाले. इकडे कारखानदारानेंही एक गमतीचा प्रयोग करून पाहिला. २००५ च्या अखेरीस त्याच राउटराची नवी आवृत्ति निघाली, तींत लिनक्स काढून दुसरी बंदिस्त प्रणाली घातलेली होती आणि स्मृति निम्मी केलेली होती. परंतु जुन्या प्रकारच्या पेटीला हौशी लोकांची मागणी इतकी होती कीं, कंपनीनें तीच पेटी नांवापुढें 'एल' हें अक्षर जोडून वेगळी विकावयास ठेविली. परवान्याचा वाद मात्र तेथें मिटला नाहीं. डिसेंबर २००८ मध्यें फाउंडेशननें सिस्कोवर दावा लावला, आणि मे २००९ मध्यें तो आपसांत मिटून लिंकसिसच्या मालांत परवान्याच्या अटी पाळल्या जातात कीं नाहीं हें पाहणारा एक स्वतंत्र अधिकारी नेमण्याचें कंपनीनें मान्य केलें.

अशा राउटराची मूळ आज्ञावली काढून दुसरी घालण्याचें काम दिसतें तितकें अवघड नाहीं. पण तें घाईनें करण्यासारखेंही नाहीं. पहिली पायरी म्हणजे पेटी उलटी करून तिच्या पाठीवरील नमुन्याचें नांव आणि आवृत्तीचा क्रमांक अचूक वाचणें. एकाच नांवाखालीं विकल्या जाणाऱ्या दोन पेट्यांच्या आंत अगदीं निराळे भाग असूं शकतात, हें वर सांगितलेल्या हकीकतीवरून दिसतेंच. त्या नमुन्यासाठीं तयार केलेली आज्ञावली उपक्रमाच्या संग्रहांतून उतरवून घ्यावयाची. ती वाटेंत बिघडली नाहीं ना, हें तिच्या सोबत दिलेल्या ताळ्याच्या आंकड्यावरून पडताळून पाहावयाचें. आणि मग संगणक व राउटर यांना बिनतारी नव्हे तर तारेनें जोडून, कंपनीच्याच नियंत्रणपानावरून ती आंत चढवावयाची. चढविण्याचें काम चालू असतां वीज जातां कामा नये. कित्येक घरीं हें काम म्हणूनच रात्रीं, घरांतील मंडळी निजल्यावर केलें जातें. कारण मध्येंच जाळें बंद पडलें तर कारागिराला यंत्रापेक्षां घरांतल्यांचीच भीति अधिक!

वीज गेली किंवा भलतीच आज्ञावली चढली तर पेटी निश्चल होते. दिवे लागत नाहींत, हांकेला ओ देत नाहीं. ह्या अवस्थेस हौशी मंडळी 'वीट झाली' असें म्हणतात. परंतु यांतूनही सुटकेचे मार्ग आहेत, आणि ते समजून घेण्यांतच ह्या छंदाचें खरें शिक्षण आहे. प्रत्येक राउटरांत मुख्य प्रणालीच्या आधीं जागी होणारी एक इवलीशी आज्ञावली असते. जुन्या लिंकसिसमध्यें ती जागी होतांच कांहीं सेकंद थांबून तारेवरून कोणी नवी प्रणाली पाठवीत आहे काय हें पाहूं शकत असे. मात्र हें थांबणें आधीं चालू करून ठेवावें लागे, आणि कंपनीच्या पानावर त्यासाठीं बटण नव्हतें. तेव्हां शोधकांनीं एक युक्ति काढली. त्या पानावर जोडणी तपासण्यासाठीं पत्ता लिहावयाची एक जागा होती. तेथें पत्त्याऐवजीं आज्ञा लिहिली तर राउटर ती भोळेपणानें पाळतो असें आढळून आलें! ज्या दोषामुळें चोर आंत शिरूं शकला असता, त्याच दोषाच्या फटींतून घरधनी आपल्याच यंत्रांत प्रथम शिरला.

आजच्या ओपनडब्ल्यूआरटीची रचना ह्या दृष्टीनें पुष्कळ सुरक्षित आहे. छापील नकाशावर पातळ पारदर्शक कागद ठेवून त्यावर खुणा कराव्या, तशी तिची मांडणी असते. खालील मूळ प्रणाली बदलतां येत नाहीं. घरधनी जे फेरफार करतो ते सारे वरच्या कागदावर उमटतात. कांहीं चुकलें तर यंत्र सुरू होतांना ठराविक क्षणीं बटण दाबावें, म्हणजे तें वरचा कागद बाजूला सारून मूळ नकाशाप्रमाणें उठतें. मग चूक पुसावी, किंवा सबंध कागदच काढून टाकावा. चूक होऊं शकते हें गृहीत धरून परतीची वाट आधींच बांधून ठेवणें, हा धडा इतर कित्येक कामांतही उपयोगी पडण्यासारखा आहे.

एवढा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत आला असेल. त्याचें एक ठळक उत्तर असें. घरांत कोणी मोठें चित्र किंवा चित्रफीत वर चढवूं लागलें कीं, दुसऱ्या खोलींत चाललेलें संभाषण तुटूं लागतें, हा अनुभव सार्वत्रिक आहे. दोष पुरवठ्याच्या वेगाचा समजून लोक अधिक पैसे भरतात. तरीही त्रास राहतो. २०१० च्या सुमारास जिम गेटिस ह्या अमेरिकन तज्ज्ञांनीं स्वतःच्या घरच्या जोडणींत ह्याचा शोध घेतला तेव्हां खरें कारण पुढें आलें. कारखानदारांनीं माहितीचा एकही पुडका गळूं नये ह्या सद्हेतूनें यंत्रांत मोठमोठ्या सांठवणीच्या जागा ठेविल्या होत्या. वस्तुतः एखादा पुडका गळणें ही पाठविणाऱ्याला 'हळू पाठीव' अशी सूचना असते. जागा मोठी असली कीं ती सूचना वेळेवर जात नाहीं, आणि रांग वाढतच जाते. वाण्याच्या दुकानीं महिन्याचा बाजार भरणारें गिऱ्हाईक पुढें उभें असावें आणि नुसती काड्यापेटी हवी असलेल्या पोरानें मागें ताटकळावें, तशी संभाषणाच्या लहान पुडक्यांची गत होते. ह्या विकाराला त्यांनीं 'बफरब्लोट' असें नांव दिलें. मराठींत 'रांगेची सूज' म्हणावयास हरकत नाहीं.

त्यावरील उपाय २०१२ मध्यें कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनीं सुचविला. रांग किती लांब आहे हें न पाहतां प्रत्येक पुडका किती वेळ खोळंबला तें पाहावें. ५ मिलिसेकंदांहून अधिक खोळंबा १०० मिलिसेकंदपर्यंत टिकला तर एखादा पुडका गाळून पाठविणाऱ्यास सावध करावें. याला आणखी एका योजनेची जोड मिळाली. ती अशी कीं, प्रत्येक संभाषणाची रांग वेगळी धरून सर्वांस पाळीपाळीनें पुढें घ्यावें, म्हणजे काड्यापेटीवाल्या पोराला थांबावें लागत नाहीं. ही सुधारणा त्याच वर्षीं लिनक्समध्यें आली आणि तिची कसोटी लागली ती हौशी मंडळींच्या घरांतील स्वस्त राउटरांवर. वापरणाऱ्यानें फक्त आपल्या जोडणीचा मोजलेला वेग घेऊन त्याच्या शेंकडा ९० च्या आसपासचा आंकडा राउटरास सांगावयाचा. कारण वेग किंचित् कमी धरला कीं रांग पुरवठादाराच्या यंत्रांत न होतां घरच्याच राउटरांत होते, आणि तेथें तिच्यावर ताबा ठेवतां येतो. शेंकडा दहा वेग सोडून देऊन सर्व घराचें बोलणें सुरळीत करावयाचें, हा सौदा महाग म्हणतां येणार नाहीं.

दुसरें उत्तर अधिक गंभीर आहे. कारखानदार राउटर विकतो आणि कांहीं वर्षांनीं त्याच्या आज्ञावलीकडे पाहावयाचें सोडून देतो. पेटी मात्र चालूच असते. तींतील नवे नवे दोष जगाला कळत जातात; दुरुस्ती मात्र येत नाहीं. २०१६ मध्यें 'मिराय' नांवाच्या एका दुष्ट आज्ञावलीनें कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द कधींच न बदललेले कॅमेरे व घरगुती राउटर शोधून काढले आणि त्यांची एक फौजच उभारली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं अमेरिकेंतील डिन ह्या नामपत्ता पुरविणाऱ्या कंपनीवर ह्या फौजेनें हल्ला केला, तेव्हां ट्विटरसारखीं मोठमोठीं स्थळें कित्येक तास दिसेनाशीं झालीं. मे २०१८ मध्यें निदान ५ लाख राउटर व तत्सम यंत्रें दुसऱ्या एका आज्ञावलीच्या ताब्यांत गेल्याचें उघडकीस आलें, आणि अमेरिकेच्या एफ. बी. आय. ह्या तपाससंस्थेला लोकांनीं आपापले राउटर बंद करून पुन्हां सुरू करावे असें आवाहन करावें लागलें. ज्यांच्या घरीं हे राउटर होते त्यांतील बहुतेकांना आपला देवडीवाला दुसऱ्याचें मीठ खाऊं लागला आहे याची गंधवार्ताही नव्हती. कारखानदारानें वाऱ्यावर सोडलेल्या पेटीस जर खुली प्रणाली चालत असेल, तर ती पेटी आणखी कित्येक वर्षें सुरक्षितपणें चालवितां येते. नसेल तर ती टाकून देण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

ह्या छंदाला विरोधही झाला, आणि त्याची बाजू अगदींच पोकळ नव्हती. राउटर हें आकाशवाणीच्या जातीचेंच एक लहान प्रक्षेपणयंत्र आहे. त्याची आज्ञावली बदलून कोणी परवानगीपेक्षां अधिक शक्तीनें किंवा भलत्या लहरींवर प्रक्षेपण केलें तर हवामानखात्याच्या रडारसारख्या यंत्रांत व्यत्यय येऊं शकतो. म्हणून अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें २०१५ मध्यें असे बदल रोखण्याविषयीं कारखानदारांस विचारणा केली. कारखानदारांनीं सबंध पेटीलाच कुलूप घातलें तर दुरुस्तीचाही मार्ग बंद होईल, अशी ओरड झाली. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आयोगानें आपल्या सूचनेची भाषा सौम्य केली. पुढें ऑगस्ट २०१६ मध्यें टीपी-लिंक ह्या कंपनीशीं झालेल्या तडजोडींत आयोगानें प्रक्षेपणाच्या मर्यादा मोडल्याबद्दल तिच्याकडून २ लाख डॉलर घेतले. परंतु त्याबरोबरच दुसऱ्यांच्या आज्ञावली आपल्या राउटरांवर चालूं देण्याची सुरक्षित वाट शोधण्याचेंही तिच्याकडून कबूल करून घेतलें. आकाशलहरी सर्वांच्या आहेत आणि पेटी ज्याची त्याची आहे, ही दोन्ही सत्यें त्या एका निवाड्यांत शेजारीं शेजारीं बसलीं. म्हणूनच नवी प्रणाली घातल्यावर आपला देश तींत बरोबर नोंदविणें हें प्रत्येक वापरणाऱ्याचें कर्तव्य ठरतें. शक्तीच्या व लहरींच्या मर्यादा त्यावरूनच ठरतात.

नोव्हेंबर २०२४ मध्यें ह्या उपक्रमानें, जन्मापासून वीस वर्षें उलटल्यावर, स्वतःच्या नांवाचा राउटर विक्रीस आणला. त्यांत एका वेगळ्या जागीं राखीव प्रणाली ठेविलेली असून बाहेरच्या बाजूस एक खटका आहे. मुख्य प्रणाली कितीही बिघडली तरी तो खटका फिरवून यंत्र पुन्हां उठवितां येतें. ज्या लोकांनीं दुसऱ्याच्या पेटींत फटींतून शिरकाव केला, त्यांनीं स्वतः पेटी बांधली ती चुकणाऱ्या माणसाला परत येतां यावें अशा बेतानें. ओपनडब्ल्यूआरटीच्या नियंत्रणपानांच्या भाषांतरांत जगांतील अनेक भाषांबरोबर मराठीचाही विभाग आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला सुखावणारी आहे. इंग्रजी पारिभाषिक शब्दांस योग्य प्रतिशब्द घडविण्याची हौस असणारांस तेथें काम करण्यासारखें आहे.

प्रत्येक गृहस्थानें ही खटपट करावी असें कोणी म्हणणार नाहीं. ज्याला करावयाची आहे त्यानें पुरवठादारानें दिलेली पेटी तशीच ठेवून तिच्यामागें आपला दुसरा राउटर जोडावा आणि पहिला प्रयोग जुन्या, अडगळींत पडलेल्या यंत्रावर करावा. म्हणजे बिघाड झाला तरी घराचें काम अडत नाहीं. ज्याला करावयाची नाहीं त्यानेंही राउटर घेतांना दुकानदारास दोन गोष्टी अवश्य विचाराव्या: ह्याच्या आज्ञावलीची दुरुस्ती कंपनी किती वर्षें करणार, आणि तिनें सोडून दिल्यावर दुसरी प्रणाली ह्यावर घालतां येईल काय. घरीं आणल्यावर कारखान्यांतील परवलीचा शब्द त्याच दिवशीं बदलावा. वाड्यांत नवा देवडीवाला ठेवतांना पूर्वीचे लोक त्याचें गांव विचारीत, जामीन घेत, आणि किल्ल्या कोणाकडे राहणार तें पहिल्याच दिवशीं ठरवीत. कोपऱ्यांतील ह्या लुकलुकणाऱ्या पेटीच्या बाबतींत तेवढी चौकशी झाली तरी पुष्कळ काम झालें असें म्हणतां येईल.